पाठ घरी पाठवू नका : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : 'फ्लिप्ड क्लासरूम' आणि आमच्या वर्गातली मुलं

मा. मंत्रिमहोदय,


मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. विनंती एकच आहे आणि ती पहिल्याच परिच्छेदात करून टाकते, कारण मंत्रालयात पत्राचं दुसरं पान उलटलं जाईलच असं नाही. 'फ्लिप्ड क्लासरूम' हा शब्द अलीकडे प्रशिक्षणांतून आणि शिक्षण परिषदांतून वारंवार कानावर पडतो. ही पद्धत राज्यात कधी योजना म्हणून आणलीत, तर मुलांनी पाठाचा व्हिडिओ पाहण्याची वेळ शाळेच्या वेळापत्रकात बसवा. ती घरावर ढकलू नका. का, ते पुढे लिहिते.

आधी पद्धतीच्या बाजूनं बोलते, कारण मी तिच्या विरोधात नाही. एरवी आम्ही वर्गात शिकवतो आणि सोडवायचं काम गृहपाठात जातं. म्हणजे मूल अडतं तेव्हा नेमकं त्याच्या शेजारी कोणी नसतं. या पद्धतीत क्रम फिरवतात. समजावून सांगण्याचा भाग मूल आधी व्हिडिओवर पाहून येतं आणि वर्गातला वेळ सोडवायला, विचारायला, चुकायला मोकळा होतो.

चुकायला वेळ मिळणं म्हणजे काय, ते सांगते. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी मुलं सहावीत शिकतात. सातवीत गुणाकार येतो, मुलं 'वजा वजा अधिक' असं घोकतात आणि सहावीत बरोबर येणारं उदाहरण बिघडवून ठेवतात : –३ – ५ = +८. वही तपासताना मी त्यावर लाल फुली मारते. मूल फुली बघतं, शेजारच्याचं बघून –८ लिहितं, मीही पुढच्या वहीकडे वळते. समज होती तिथंच राहते. पण तेच उदाहरण ते माझ्यासमोर सोडवत असेल, तर मी विचारू शकते, "हे आठ कसे आले रे?" "बाई, वजा वजा अधिक." "बरं. किराणा दुकानात तुमची तीन रुपये उधारी आहे. आज अजून पाचाची उधारी केलीस. आता दुकानदार तुला आठ रुपये देणार का?" पोरगं हसतं, वही ओढून घेतं आणि खोडतं. मग स्वतःच विचारतं, "पण मग वजा वजा अधिक कधी?" हा प्रश्न सोन्यासारखा असतो. त्याला लागतात दोन-तीन मिनिटं, आणि फळ्यावर नवा भाग शिकवायच्या तासिकेत तेवढी मिनिटं एका मुलासाठी काढता येत नाहीत. फ्लिप्ड क्लासरूमचा खरा फायदा ही मिनिटं आहेत. व्हिडिओ त्यासाठी नुसती जागा मोकळी करून देतो.

दुसरा फायदा मुलांच्या बाजूचा. माझं बोलणं थांबवता येत नाही, व्हिडिओ थांबवता येतो. "बाई, परत सांगा" असं चारचौघांत म्हणायला धजत नाही असं मूल तोच भाग तीनदा पाहतं आणि कुणाला कळतही नाही. वेगवेगळ्या गतीच्या मुलांना एका वर्गात बसवून एकाच गतीनं शिकवण्याची आमची जी जुनी अडचण आहे, तिच्यावर हा थोडा तरी उतारा आहे.

या पद्धतीचा उगमही याच काळजीत आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे मॉरीन लेज, ग्लेन प्लॅट आणि मायकेल ट्रेग्लिया या तिघांनी २००० साली एक लेख प्रसिद्ध केला. वर्ग उलटा करणं हे सर्वांना सामावून घेणाऱ्या शिक्षणाचं दार आहे, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं. प्रत्येकाची शिकण्याची 'शैली' वेगळी असते, हा त्यांचा आधार पुढे मानसशास्त्रज्ञांच्या तपासणीत फारसा टिकला नाही. पण मुलांची गती वेगळी असते आणि आधीची तयारी वेगळी असते, हे कुठल्याही मास्तराला शपथेवर सांगता येईल. मग २००७ मध्ये कोलोरॅडोच्या डोंगराळ भागातल्या वुडलँड पार्क गावच्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी आपले पाठ चित्रित करायला घेतले. त्यांची मुलं सामन्यांसाठी लांबलांबच्या गावी जायची, त्यामुळे दुपारचे तास बुडायचे. बुडालेला पाठ त्यांना मिळावा, एवढाच सुरुवातीचा हेतू. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं त्यांना या दोघांनी पाठ डीव्हीडीवर घालून दिले. म्हणजे वर्गात नसलेल्या मुलाचं काय, या प्रश्नातून ही पद्धत वाढली, आणि पाठ त्याच्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी शिक्षकांनी स्वतःकडे ठेवली.

आपल्याकडे वर्गात कोण नसतं, मंत्रिमहोदय? बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत दिवाळीच्या आगेमागे घरांना कुलपं लागतात. मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतलेली असते, कोयता निघतो आणि त्याबरोबर पोरंही निघतात. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, साखर कारखान्याच्या आसपास कोप्या म्हणजे झोपड्या पडतात. हंगाम संपून परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. काही मुलं गावातच आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर फडात. चित्रित पाठाची सगळ्यात जास्त गरज कुणाला असेल तर ती या मुलांना. पण कोपीतला फोन असतो बापाच्या खिशात, कारण मुकादमाचा निरोप रात्री-अपरात्री कधीही येतो. तो चार्ज होतो फाट्यावरच्या टपरीवर. "पाठ घरी पाहून या" या सूचनेचा त्या घरी काय अर्थ लागेल, हे मी वेगळं सांगायला नको.

आता थोडं कडू बोलते. उलटा वर्ग महाराष्ट्रात नवा नाही. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत तो वर्षानुवर्षं चालू आहे, फक्त त्याला ते नाव नाही. मूल सुट्टीतच खासगी क्लासला जातं. शाळेत धडा यायच्या आधी क्लासमध्ये तो 'होऊन जातो'. मग शाळेत शिक्षक विचारतात, "क्लासला झालंय ना हे?" निम्म्याहून अधिक हात वर होतात आणि गाडी थेट उदाहरणांवर जाते. पहिला भाग बाहेर, सराव वर्गात : नकाशा तोच आहे. ज्या मुलांना क्लास परवडत नाही ती त्या वेळी काय करतात, हे पाहायचं असेल तर असल्या वर्गात शेवटच्या बाकावर दहा मिनिटं बसावं. ती फळ्यावरची उत्तरं उतरवून घेतात. शांत असतात, वह्या पूर्ण असतात, म्हणून तपासणीला आलेल्यांना ती दिसतही नाहीत. पाठाचा पहिला भाग घरच्या ऐपतीवर सोडला की काय होतं, याचा हा प्रयोग आपण केव्हाच करून बसलो आहोत.

परदेशातल्या एका अभ्यासाचा निष्कर्षही याच अंगाचा आहे. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट इथल्या लष्करी अकादमीत संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे वर्ग निवडून काहींना फ्लिप्ड पद्धतीनं आणि काहींना नेहमीच्या पद्धतीनं शिकवलं. गणितात थोड्या काळापुरता फायदा दिसला, अर्थशास्त्रात दिसला नाही. आणि तो फायदा पडला प्रामुख्यानं गोऱ्या, पुरुष आणि आधीच हुशार असलेल्या विद्यार्थ्यांच्या पदरात. पुढचा आणि मागचा यांच्यातलं अंतर वाढलं, आणि गणितातला फायदा ओसरल्यावरही ते अंतर टिकून राहिलं. ही मुलं निवडून घेतलेली, एकाच आवारात राहणारी, एकाच शिस्तीत वाढणारी. जिथं घराघरांतला फरक एवढा पुसलेला आहे तिथं ही गत, तर आमच्याकडे काय होईल?

दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगायला हवा. विज्ञान आणि गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, तर वर्गात स्वतः काही करायला लावणाऱ्या पद्धतींत २१.८ टक्के. फरक मोठा आहे. पण तो वर्गात काय केलं याचा आहे, घरी काय पाहिलं याचा नव्हे. फ्लिप्ड क्लासरूमच्या नावावर जमा होणारं बरंचसं पुण्य खरं तर या वर्गातल्या कामाचं आहे, असं दाखवणारे अभ्यासही त्यानंतर झाले. म्हणून व्हिडिओ शाळेत पाहिला तर काही बिघडत नाही, हे माझं म्हणणं हवेतलं नाही.

"पण आता घरोघरी स्मार्टफोन आहे," असं तुमचे अधिकारी सांगतील. खरं आहे. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या अहवालानुसार चौदा ते सोळा वयाच्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी तो आहे. त्याच अहवालात पुढे असंही आहे की फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला असं सांगणारी ५७ टक्के होती, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. स्वतःचा फोन असण्यात मुली मुलांच्या मागे आहेत. घरात फोन असणं आणि संध्याकाळी सातला सातवीतल्या मुलीच्या हातात तो अर्धा तास निवांत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातला ती पीठ मळत असते. आठला वडील येतात, फोन येतो, मग आधी धाकट्या भावाचं कार्टून. दिवसाचा डेटा तोवर संपत आलेला असतो. ही तक्रार नाही. कुठल्याही पालक गटावर नजर टाका, पाठाची लिंक रात्री साडेअकराला 'पाहिली' जाते आणि ती पाहणारं माणूस मूल नसतं.

कोविडमुळे शाळा बंद पडल्या तेव्हाचा, २०२० सालचा अनुभव आपल्या सगळ्यांच्या गाठीशी आहे. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला आली, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' आली. ज्यांनी हे काम केलं त्यांनी मनापासून केलं, आणि फोन नसलेल्या काही घरांत दूरदर्शन पोचलंसुद्धा. तरी शाळा उघडल्यावर आमच्यासमोर जी मुलं आली, त्यांच्यातलं अंतर आधीपेक्षा वाढलेलं होतं. पाठ वाईट नव्हते. पाठ संपल्यावर "हे आठ कसे आले रे?" असं विचारणारं शेजारी कुणी नव्हतं.

आता वेगळ्या गरजा असलेल्या मुलांकडे वळते, कारण समावेशनाच्या नावानंच ही पद्धत पुढे केली जाते.

कमी ऐकू येणारी एक मुलगी माझ्या वर्गात होती. मी बोलताना ती माझ्या ओठांकडे बघायची. मी फळ्याकडे तोंड करून बोलले की तिचा धागा तुटायचा, म्हणून मी वळून बोलायची सवय लावून घेतली. शैक्षणिक व्हिडिओत बहुतेक वेळा पडद्यावर एक हात दिसतो, पेन दिसतं, आवाज मागून येतो. ओठ कुठेच नाहीत, आणि खाली मराठीत अक्षरं उमटतील म्हणावं तर तीही बहुधा नसतात. असा व्हिडिओ तिनं शंभर वेळा मागे नेला तरी ती तिथंच. याउलट वाचताना अक्षरं उलटसुलट होणाऱ्या मुलाला तोच व्हिडिओ वरदान ठरतो. पुस्तकातला शाब्दिक उदाहरणांचा उतारा त्याला छळतो, पण कुणी वाचून दाखवलं तर गणित तो चटकन मांडतो. एकच साधन एकीला भिंत आणि दुसऱ्याला दार. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही त्यात आहे. राज्याच्या पैशातून बनणाऱ्या प्रत्येक पाठाखाली मराठी अक्षरं असावीत आणि शिकवणाऱ्याचा चेहरा दिसावा, याला फार मोठा खर्च येत नाही. ठरवावं लागतं.

नंदुरबारकडच्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलाची गोष्ट आणखी निराळी. पाठ पुन्हा पुन्हा पाहता येतो हा फायदा भाषा कळणाऱ्याला. न कळणारी भाषा तीनदा ऐकून कळत नाही. तिथं समोरचा शिक्षक दोन शब्द मुलांच्या बोलीतले वापरतो, हातवारे करतो, बाहेरून चार दगड आणून मांडतो आणि काम होतं. प्रमाण मराठीतला पाठ अशा मुलाच्या घरी पाठवणं म्हणजे त्याचा एकुलता एक दुभाषा काढून घेणं.

आता माझ्या मागणीकडे येते. शाळेतच पाहायचं म्हणजे कसं, असं विचाराल. लोकवर्गणीतून, कंपन्यांच्या सीएसआर निधीतून आलेले टीव्ही अनेक शाळांत आहेत. बरेचसे कुलपात असतात, चोरी झाली तर मुख्याध्यापकांच्या पगारातून वसुली होईल या भीतीनं. ते बाहेर काढू द्या. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता एकत्र असतात. तिसरीला शिकवताना चौथीनं काय करायचं, हा रोजचा प्रश्न आहे आणि "पाढे लिहा" हे त्याचं रोजचं उत्तर. तिथं चौथीच्या मुलांनी कोपऱ्यात दहा-बारा मिनिटांचा पाठ पाहावा, गुरुजींनी तिसरीबरोबर बसावं, मग अदलाबदल. बहुवर्ग अध्यापनाला याच्याइतकी नेमकी मदत दुसरी नाही, आणि या वापराबद्दल आमच्या प्रशिक्षणांत जवळजवळ कुणी बोलत नाही. मोठ्या शाळेत सगळ्यांनी सोमवारी एकदम पाठ पाहावा आणि उरलेले दिवस सोडवत बसावं. ज्यांच्या घरी सोय आहे त्यांनी घरी पुन्हा पाहिला तर उत्तमच. पण वर्गातला पुढचा तास त्यावर अवलंबून नको.

स्थलांतरित मुलांसाठी तर सोपी वाट आहे. स्थलांतरित मुलांना मिळणारं शिक्षण हमी कार्ड घेऊन मूल कारखान्याजवळच्या शाळेत येतं. पाठ्यपुस्तक राज्यभर बालभारतीचंच. गावाकडं पाठ कुठवर आला होता हे कार्डावर असेल आणि चित्रित पाठ त्या शाळेत असेल, तर मधले सुटलेले धडे मुलाला तिथल्या टीव्हीवर पाहता येतील. वुडलँड पार्कच्या त्या दोन शिक्षकांनी केलं ते हेच.

कायद्याचीही आठवण करून देते. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन बंधनकारक केलं आहे. समजावून सांगणं हा अध्यापनाचा गाभा. तो व्हिडिओत घालून घरी पाठवला, तर ते तास कुणाच्या खात्यात? सरकारनं द्यायची गोष्ट सरकार पालकांच्या डेटा पॅकवर टाकतंय, असा त्याचा अर्थ होईल. आणि गंमत बघा, २०२२ मध्ये याच राज्यात गृहपाठ बंद करण्याचा विचार जाहीरपणे बोलला गेला होता. फ्लिप्ड क्लासरूमची घरची बाजू म्हणजे रोजचा गृहपाठच की. फक्त त्याला वहीऐवजी फोन लागतो.

शेवटी आमच्या जातीबद्दल, म्हणजे शिक्षकांबद्दल. चांगला पाठ चित्रित करायला वेळ लागतो आणि तो सगळ्यांना जमतो असं नाही. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. म्हणून प्रत्येक शिक्षकानं दरमहा इतके व्हिडिओ अपलोड करावेत, असं परिपत्रक मात्र काढू नका. आम्ही ते व्हिडिओ काढूही, आम्हाला सवय आहे. लिंक भरू, फोटो टाकू, केंद्रप्रमुख तक्ता वर पाठवतील, आणि पाहिलेल्या पाठांची टक्केवारी छान येईल. त्यात –३ – ५ कुठेच नसेल. पाठ राज्यानं बनवावेत. १९८४ पासून पुण्यात शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी होती, ती २०१७ मध्ये बंद पडली. तिच्यासारखं काही पुन्हा उभं करा, चांगले शिक्षक आणि चांगले कॅमेरेवाले एकत्र बसवा. आम्हाला वर्गातल्या वेळात काय करायचं याचं प्रशिक्षण द्या. मोकळी झालेली तासिका कशी वापरायची हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. व्हिडिओ लावून कार्यालयात माहिती भरत बसण्याचा मोह आम्हालाही होईल, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. ऑनलाइन माहितीचा भार कमी केलात तर तो मोह निम्म्यानं कमी होईल.

योजनेचं परिपत्रक निघेल तेव्हा त्यात हे वाक्य राहू द्या : "पाठ पाहण्याचा वेळ शालेय वेळापत्रकात समाविष्ट असेल आणि कोणत्याही विद्यार्थ्याकडून घरी पाठ पाहण्याची अपेक्षा केली जाणार नाही." बाकीचं आम्ही बघून घेऊ.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेतील एक गणित शिक्षिका